पाहुणे सर्जन आणि घरचे सर्जन



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी आयुष्याची सगळी उमेद तालुक्याच्या गावातल्या ऑपरेशन थिएटरमध्ये खर्ची घातली. त्यांच्या नावानं बोलायचं, तर शस्त्रक्रिया ज्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही अशा माणसांविषयी बोलावं, असं मला वाटलं. म्हणून आजचा विषय निवडला: गरीब आणि विकसनशील देशांना मिळणाऱ्या वैद्यकीय मदतीत सर्जनांच्या संघटनांचं काम काय?

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. परदेशात जाऊन शे-दोनशे ऑपरेशनं करून येणं हे पुण्याचं काम आहे आणि ते करणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे. पण ते काम एकटा सर्जनही करू शकतो, एखादी धर्मादाय संस्थाही करू शकते. संघटनेच्या हाती याहून मोठी गोष्ट असते. ती शिकवू शकते, परीक्षा घेऊ शकते, नवी पद्धत पारखून घेऊ शकते, सरकारपुढे ठामपणे उभी राहू शकते आणि पदाधिकारी बदलले तरी वीस-तीस वर्षं एका कामाला धरून राहू शकते. ही ताकद तिनं त्या त्या देशातले सर्जन घडवण्यासाठी लावली पाहिजे. पाहुणे परत गेल्यावर तिथे काय उरलं, यावरूनच मदतीचं मोल ठरवावं.

गरज केवढी आहे

१९७८ साली अल्मा-आता इथे जगातल्या सरकारांनी ‘सर्वांसाठी आरोग्य’ हे ध्येय ठरवलं. लसीकरण, स्वच्छ पाणी, पोषण, बाळ-बाळंतिणीची काळजी यांवर भर आला आणि तो योग्यच होता. शस्त्रक्रिया मात्र शहरातल्या मोठ्या इस्पितळाची, खर्चिक गोष्ट म्हणून बाजूला पडली. दोनच वर्षांनी, जून १९८० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेचे तेव्हाचे महासंचालक हाफडन माहलर मेक्सिको सिटीत इंटरनॅशनल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या अधिवेशनात बोलले. प्राथमिक आरोग्यसेवेत शस्त्रक्रियेलाही महत्त्वाची जागा आहे आणि जगातल्या बहुसंख्य लोकांना कुशल शस्त्रक्रिया मिळतच नाही, हे त्यांनी तिथे स्पष्ट सांगितलं. हे बोलण्यासाठी त्यांनी सर्जनांच्या संघटनेचंच व्यासपीठ निवडलं, हे मला अर्थपूर्ण वाटतं. हाक आपल्याला होती.

त्या हाकेला जगानं नीट ओ द्यायला ३५ वर्षं लागली. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकानं नेमलेल्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाचा अहवाल आला. जगातल्या सुमारे ५०० कोटी लोकांना गरज पडली तर सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही, असं त्यात दिसलं. त्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे ३१ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया होतात. लोकसंख्येचा तिसरा हिस्सा ज्या सर्वांत गरीब देशांत राहतो, तिथे त्यांतल्या अवघ्या ६ टक्के होतात. दरवर्षी आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रियांची गरज आहे. आणि शस्त्रक्रिया मिळाली तरी तिच्या खर्चापायी दरवर्षी ३ कोटी ३० लाख माणसांची आर्थिक घडी पार मोडते.

या आकड्यांमागचे पेशंट आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. बाळ आडवं आलेली बाई, अपेंडिक्स फुटून पोट लाकडासारखं घट्ट झालेला मुलगा, अपघातात हाड मोडून बाहेर आलेला मजूर. आयोगानंही एखाद्या जिल्हा रुग्णालयाची पारख याच तीन कामांवरून करावी असं म्हटलं: सिझेरियन, पोट उघडून करायची शस्त्रक्रिया आणि उघड्या फ्रॅक्चरवरचे उपचार. ही तिन्ही जिथे नीट होतात, तिथे बाकीचंही बरंच काही होऊ शकतं. आणि ही तिन्ही कामं वाट पाहत नाहीत. पुढच्या महिन्यात परदेशातून तुकडी येणार आहे, असं अडलेल्या बाळंतिणीला सांगता येत नाही.

पाहुण्यांच्या मदतीची मर्यादा

दुभंगलेले ओठ आणि टाळू, मोतीबिंदू, भाजल्यानंतर आखडलेले हात अशा ठरवून करता येणाऱ्या शस्त्रक्रियांसाठी बाहेरच्या तुकड्यांनी जगभर फार मोठं काम केलं आहे. ज्या मुलाचा ओठ शिवला गेला, त्याच्या आईला ही मदत अपुरी वाटत नाही, आणि तसं म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण सर्जन म्हणून आपल्याला पुढचे प्रश्न विचारावेच लागतात. तुकडी विमानात बसल्यानंतर चौथ्या दिवशी जखमेत पू झाला तर कोण बघणार? दोन आठवडे थिएटर पाहुण्यांकडे असताना तिथल्या सर्जनच्या यादीचं काय झालं? तिथल्या तरुण डॉक्टरच्या हाती सुरी आली, की तो नुसता रिट्रॅक्टर धरून उभा राहिला?

दान म्हणून येणाऱ्या यंत्रांची गोष्ट तर आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिली असेल. गरीब देशांतल्या वैद्यकीय यंत्रांचा आढावा घेणारा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ ४० टक्के यंत्रं बंद आढळली. कारणं साधी असतात. यंत्र ११० व्होल्टचं आणि वीज २२० ची. फ्यूज मिळत नाही. एकदाच वापरायचा सेन्सर संपला आणि तो त्या देशात विकतच मिळत नाही. दुरुस्त करणारा माणूस नाही. मग ते यंत्र स्टोअरमध्ये जातं, त्यावर चादर टाकली जाते आणि देणाऱ्याच्या अहवालात मात्र ते चालू असतं.

पाहुण्यांच्या मदतीच्या या मर्यादेला उपाय आहे आणि तो आपल्याकडेही दिसतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेच्या शोधग्राममध्ये बाहेरचे सर्जन ठरावीक काळानं येऊन शस्त्रक्रिया करतात. पण तिथे रुग्णालय बारा महिने उभं आहे. पेशंट आधी तपासलेला असतो, नंतर बघणारं माणूस असतं, आणि बोलावणं आदिवासींच्या गरजेतून निघतं. यजमान पक्का असला की पाहुण्याचं कौशल्य फुकट जात नाही. मग प्रश्न उरतो तो हा: देशाच्या देशाला असा पक्का यजमान कसा मिळणार?

भिंती नसलेलं कॉलेज

याचं सर्वांत चांगलं उत्तर मला पूर्व आफ्रिकेत दिसतं. तिथल्या सर्जनांची संघटना, असोसिएशन ऑफ सर्जन्स ऑफ ईस्ट आफ्रिका, १९५० च्या दशकापासून काम करत होती. तिच्याच पायावर १९९९ मध्ये पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेसाठी सर्जनांचं एक सामाईक कॉलेज उभं राहिलं. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘कोसेक्सा’ म्हणतात. कार्यालय टांझानियातल्या अरुशा शहरात. केनिया, युगांडा, टांझानिया, इथिओपिया, मलावी, झांबिया, झिंबाब्वे, मोझांबिक, रवांडा असे देश त्यात आहेत.

या कॉलेजला स्वतःची इमारत भरून विद्यार्थी नाहीत. मान्यता मिळालेली रुग्णालयं हेच त्याचे वर्ग. तरुण डॉक्टर आपल्याच देशात, आपल्याच रुग्णालयात, तिथल्या सीनियर सर्जनच्या हाताखाली शिकतो. केलेल्या प्रत्येक ऑपरेशनची नोंद ठेवतो. दोन वर्षांनी सदस्यत्वाची परीक्षा, त्यापुढे आणखी तीनेक वर्षांनी फेलोशिपची. परीक्षा दरवर्षी होते, अंतिम तोंडी परीक्षा वार्षिक अधिवेशनाच्या सुमाराला एखाद्या सदस्य देशात भरते, आणि आफ्रिकी परीक्षकांच्या जोडीला बाहेरचे परीक्षक बसतात. म्हणजे झांबियातल्या एका मिशन हॉस्पिटलात शिकलेल्या मुलीला केनियातला आणि आयर्लंडचा परीक्षक एकाच टेबलावर प्रश्न विचारतात आणि तिला मिळणारी पदवी या सगळ्या देशांत चालते.

आयर्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सनं २००७ मध्ये या कॉलेजशी भागीदारी केली आणि आयर्लंड सरकारच्या मदतनिधीनं तिला पैसा पुरवला. त्यांनी नेमकं काय दिलं ते पाहण्यासारखं आहे. इंटरनेटवरचे अभ्यासक्रम दिले. शिकवणाऱ्यांना शिकवायचं प्रशिक्षण दिलं. परीक्षा पद्धतशीर कशी घ्यायची, प्रश्नपेढी कशी करायची, नोंदी कशा ठेवायच्या, कार्यालय कसं चालवायचं, हे शिकवलं. फोटोत दिसावं असं यात काही नाही. पण कॉलेज उभं राहतं ते याच कामांवर.

गरज किती होती हे २०१६ च्या एका पाहणीत दिसतं. कोसेक्साच्या दहा देशांत मिळून १६९० सर्जन होते. दर लाख लोकांमागे अर्धाच सर्जन म्हणा. त्यांतले ६४ टक्के देशाच्या मुख्य व्यापारी शहरात आणि स्त्रिया फक्त ९ टक्के. २०१५ मध्ये आफ्रिकेतल्या सर्जन स्त्रियांनी याच कॉलेजच्या छत्राखाली आपला गट उभा केला, तो या ९ टक्क्यांचं चित्र बदलावं म्हणून.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. शिकून तयार झालेले हे सर्जन लंडन-न्यूयॉर्कला निघून गेले असतील ना? आपल्याकडच्या अनुभवामुळे हीच शंका आधी येते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या प्रदेशात शिकलेल्या सर्जनांचा माग काढला, तेव्हा ८५ टक्के सर्जन जिथे शिकले त्याच देशात काम करताना आढळले आणि ९३ टक्के आफ्रिकेतच होते. माझ्या मते मदतीविषयीच्या सगळ्या आकड्यांत हा आकडा सर्वांत मोलाचा आहे. ज्या मातीत शिक्षण झालं, तिथेच माणूस बहुतेक वेळा टिकतो. शिष्यवृत्ती देऊन हुशार डॉक्टरला आपल्या देशात नेणं ही मदत वाटते. त्याला त्याच्याच देशात शिकवणं ही मदत ठरते.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या रॉयल ऑस्ट्रेलेशियन कॉलेज ऑफ सर्जन्सचा अनुभवही याच दिशेचा आहे. १९९५ पासून त्यांचा पॅसिफिक बेटांसाठीचा कार्यक्रम सरकारी मदतीवर चालू झाला. विशेषज्ञांच्या तुकड्या बेटाबेटांवर जात. पुढे फिजीमध्ये सर्जरीचं पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं, बेटांवरचे डॉक्टर तिथे शिकू लागले आणि पाहुण्यांच्या कामात शिकवण्याचा वाटा वाढत गेला. एकच संघटना दशकानुदशकं तिथे जात राहिली, म्हणूनच हा बदल घडला.

दोंडाईच्याची जाळी

मदत नेहमी श्रीमंत देशाकडून गरीब देशाकडे वाहते, असा आपला समज असतो. तो मोडणारी एक गोष्ट आपल्या धुळे जिल्ह्यातली आहे.

जांघेतला हर्निया हा कष्टकऱ्यांचा आजार. ओझं उचलणाऱ्या माणसाच्या जांघेत आतडं उतरतं, गाठ वाढत जाते, काम सुटतं, आणि एखाद्या रात्री आतडं अडकून पडलं तर जीवही जातो. नुसते टाके घालून दुरुस्ती केली की स्नायूंवर ताण येतो आणि हर्निया पुन्हा उलटण्याचा धोका राहतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत सर्जन लिक्टेनस्टाइन यांनी कृत्रिम धाग्याची जाळी बसवण्याची पद्धत रूढ केली. ताण गेला, हर्निया उलटण्याचं प्रमाण खाली आलं. पण ती जाळी कंपनीची. भात लावणाऱ्या मजुराच्या खिशाला तिची किंमत परवडणारी नव्हती. म्हणून गरिबाला जुनंच ऑपरेशन आणि ऐपत असलेल्याला जाळी, असा भेद पडला.

दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोंगावकर यांनी मच्छरदाणीच्या कापडाकडे पाहिलं. कंपनीची जाळी पॉलिप्रॉपिलीनची. या मच्छरदाणीचं कापड पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिइथिलीनच्या मिश्रणाचं. म्हणजे दोघी जवळच्या नात्यातल्या. कापडाचे हाताच्या पंजाएवढे तुकडे कापायचे, स्वच्छ धुवायचे, पाकिटात घालून निर्जंतुक करायचे. ऑपरेशनच्या वेळी वीर्यनलिकेच्या मागे, जांघेच्या मागच्या भिंतीवर तो तुकडा सपाट अंथरायचा, खालच्या अस्थिबंधाला टाक्यांनी पक्का करायचा आणि नलिका बाहेर पडते तिथे कापडाला एक चीर देऊन दोन्ही पदर तिच्याभोवती जुळवायचे. हात तोच, पद्धत तीच. फरक किमतीत: हजारोंच्या जागी काही रुपये.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती एका गावातल्या एका हुशार डॉक्टरची युक्ती राहिली असती. इथे संघटना कामी आली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रामीण सर्जनांनी आपली वेगळी संघटना, असोसिएशन ऑफ रूरल सर्जन्स ऑफ इंडिया, उभी केली होती. रक्तपेढी जवळ नाही, भूलतज्ज्ञ रोज मिळत नाही, पेशंटकडे पैसे नाहीत, अशा अडचणींवर एकमेकांशी बोलणारी ही माणसं. वेगवेगळ्या ठिकाणच्या सर्जनांनी ही जाळी वापरून नोंदी ठेवल्या आणि २००३ मध्ये अनेक केंद्रांवरचा तो प्राथमिक अभ्यास ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त छापून आला. हे नियतकालिक १९३८ साली स्थापन झालेल्या असोसिएशन ऑफ सर्जन्स ऑफ इंडियाचं. एका संघटनेच्या वातावरणात कल्पना पारखली गेली आणि दुसरीच्या पानांवरून ती जगापुढे गेली.

पुढे ब्रिटनमधले सर्जन अँड्र्यू किंग्सनॉर्थ यांच्या ‘ऑपरेशन हर्निया’ या उपक्रमानं अशी स्वस्त जाळी आफ्रिकेत वापरली. २०११ मध्ये ‘हर्निया’ या नियतकालिकात स्वस्त जाळीविषयी एक लेख आला. त्याचे लेखक तिघे: प्लिमथचे किंग्सनॉर्थ, दोंडाईच्याचे टोंगावकर आणि नायजेरियातल्या एरुवा गावचे ओलुयोंबो अवोजोबी. हे अवोजोबी विद्यापीठाचं रुग्णालय सोडून गावात जाऊन राहिलेले सर्जन. सायकलच्या चाकापासून त्यांनी रक्त तपासायचं सेंट्रिफ्यूज बनवलं होतं आणि नायजेरियातल्या ग्रामीण सर्जनांना संघटित केलं होतं. ज्या अडचणी दोंडाईच्यात, त्याच एरुवात. त्यांच्या मैत्रीला राजधान्यांची मध्यस्थी लागली नाही. ग्रामीण सर्जनांचा आंतरराष्ट्रीय महासंघही याच आपुलकीतून उभा राहिला.

मग कठोर कसोटी झाली. स्वीडन आणि युगांडाच्या संशोधकांनी पूर्व युगांडात ३०२ पुरुषांवर चाचणी केली. कोणाला स्वस्त जाळी मिळेल आणि कोणाला कंपनीची, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं. एका जाळीची किंमत सुमारे १ डॉलर, दुसरीची सुमारे १२५ डॉलर. वर्षभरानं पाहिलं तर स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया उलटला होता, दुसऱ्या गटात कोणाचाच नाही. हा फरक संख्याशास्त्राच्या हिशेबानं फरक म्हणण्याजोगा नव्हता. २०१६ मध्ये हे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. आपल्या खानदेशातल्या एका थिएटरमध्ये सुचलेली गोष्ट अशी जगाच्या वैद्यकशास्त्रात पक्की झाली.

मला यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. गरिबांसाठी सुचलेल्या उपायाला पुरावा कमी चालतो, असं मानू नये. त्याला अधिक कडक पुरावा हवा, कारण त्यांच्या बाजूनं दाद मागणारं कोणी नसतं. आणि असा पुरावा उभा करणं एकट्याच्या आवाक्यात नसतं. त्यासाठी नोंदी ठेवणारे अनेक हात, छापणारं नियतकालिक आणि दोष दाखवणारे सहकारी लागतात. संघटना त्यासाठीच असते.

बोटाला लावायची क्लिप

शस्त्रक्रियेत पेशंट नेहमी सुरीनं दगावत नाही, भुलीनंही दगावतो. हा धोका वेळीच सांगणारा पल्स ऑक्सिमीटर आता आपल्या ओळखीचा आहे. कोविडनं तो घरोघर नेला. थिएटरमध्ये त्याचा उपयोग कानानं होतो. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला तो टिक करतो, आणि रक्तातला प्राणवायू खाली जाऊ लागला की त्या आवाजाची पट्टी उतरत जाते. सर्जनची नजर जखमेवर असते, भूल देणारा सलाइन बदलत असतो, तरी आवाज उतरला की दोघांची मान एकदम वर होते. ओठ निळे पडण्याच्या कितीतरी आधी.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे ७७ हजार ऑपरेशन थिएटरांत हे यंत्र नव्हतं. भूलतज्ज्ञांची जागतिक महासंघटना, ब्रिटन आणि आयर्लंडची भूलतज्ज्ञ संघटना आणि अमेरिकेतले सर्जन अतुल गवांदे यांच्या पुढाकारानं २०११ मध्ये ‘लाइफबॉक्स’ ही संस्था निघाली.  या संघटनांनी देणगीदाराच्या गोदामात पडून असलेली यंत्रं गोळा केली नाहीत. वीज गेली तरी चालेल, सेन्सर पुन्हा पुन्हा वापरता येईल, असं मजबूत यंत्र कसं हवं ते आधी ठरवलं, उत्पादकांशी घासाघीस करून ते २५० डॉलरच्या आसपास आणलं आणि प्रत्येक यंत्राबरोबर प्रशिक्षण दिलं. देणगीत आणि संघटनेच्या मदतीत हा फरक आहे.

त्याआधी गवांदे यांच्याच नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी-यादी केली. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी सगळ्यांनी थांबायचं आणि मोठ्यानं विचारून घ्यायचं: पेशंट तोच ना, बाजू तीच ना, अँटिबायोटिक दिलं का, स्पंज मोजले का. टोरांटो, लंडन, सिएटलबरोबर नवी दिल्ली आणि टांझानियातलं इफाकारा अशा आठ शहरांत ती वापरली गेली. २००९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर आल्याचं दिसलं. अशी यादी भिंतीवर चिकटवून चालू होत नाही. आपल्या संघटनेनं ती आपली मानली, अधिवेशनात शिकवली, तरच सीनियर सर्जन सिस्टरच्या प्रश्नाला उत्तर द्यायला थांबतो.

आणि कधी कधी संघटनेला भांडावंही लागतं. केटामिन हे औषध भूलतज्ज्ञ आणि भूल-यंत्र नसलेल्या ठिकाणचा मोठा आधार आहे. त्यानं पेशंटचा श्वास चालू राहतो. नशेसाठी त्याचा गैरवापर होतो म्हणून २०१५ मध्ये चीननं त्याच्यावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण घालण्याचा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगापुढे आणला. तो मंजूर झाला असता तर आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या कित्येक ग्रामीण थिएटरांत शस्त्रक्रियाच थांबली असती. भूलतज्ज्ञांच्या महासंघटनेनं आणि इतर अनेकांनी विरोध केला, जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीचं मतही नियंत्रण नको असंच होतं, आणि तो प्रस्ताव मागे पडला. त्या दिवशी किती ऑपरेशनं वाचली याची मोजदाद कोणत्याही शिबिराच्या अहवालात नाही.

दार उघडण्याचं काम

संघटनेची एक बाजू मात्र स्पष्ट बोलायला हवी. व्यवसायाची संघटना दार राखते. कोणी सुरी धरायची, कोणाला सर्जन म्हणायचं, हे ती ठरवते. पेशंटच्या सुरक्षेसाठी ते गरजेचं आहे. पण जिथे सर्जनच नाही तिथे दार बंद ठेवणं म्हणजे पेशंटला मरू देणं होय.

मोझांबिकनं १९८४ पासून डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण दिलं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जिल्हा रुग्णालयांतल्या प्रसूतीसंबंधीच्या मोठ्या शस्त्रक्रियांपैकी ९० टक्क्यांहून अधिक हेच लोक करत असल्याचं दिसलं. सात वर्षांनी त्यांच्यातले ८८ टक्के जिल्ह्यातच होते. तिथे नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता. सिएरा लिओनमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जाळी बसवून केलेल्या हर्नियाच्या ऑपरेशनांत अशा प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचे निकाल डॉक्टरांपेक्षा कमी ठरले नाहीत, उलट हर्निया उलटण्याचं प्रमाण त्यांच्याकडे कमी होतं. याचा अर्थ कोणालाही सुरी द्यावी असा नाही. संघटनांनी अशांना शिकवावं, त्यांच्या कामावर लक्ष ठेवावं, त्यांच्या मागे उभं राहावं, असा आहे.

याचं एक उदाहरण माझ्या फार आवडीचं आहे. रेजिनाल्ड आणि कॅथरीन हॅमलिन हे डॉक्टर दांपत्य १९५९ मध्ये इथिओपियात आलं. कित्येक दिवस अडलेल्या बाळंतपणानंतर फिस्टुला होऊन लघवीवरचा ताबा गेलेल्या, घरानं टाकून दिलेल्या मुलींवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या आणि १९७४ मध्ये अदिस अबाबात त्यांच्यासाठी खास रुग्णालय काढलं. त्या पेशंटांतली एक ममितू गाशे. शाळेत न गेलेली. ती बरी होऊन तिथेच राहिली, वॉर्डात मदत करू लागली, थिएटरमध्ये हाताखाली उभी राहू लागली, हळूहळू टाके घालू लागली आणि शेवटी फिस्टुलाची अवघड शस्त्रक्रिया स्वतः करू लागली. परदेशातून आलेले सर्जन तिच्याकडून ही शस्त्रक्रिया शिकून गेले. १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सनं हॅमलिन दांपत्याबरोबर तिलाही सुवर्णपदक दिलं. शेकडो वर्षांची परंपरा सांगणाऱ्या संस्थेनं पदवी नसलेल्या, गरीब देशातल्या, एकेकाळी पेशंट असलेल्या बाईच्या हाताला मान दिला. संघटनेकडे असलेल्या प्रतिष्ठेचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

आपल्याकडून काय व्हावं

भारत या चित्रात दोन्ही बाजूंना आहे. आपल्याकडे जगाला शिकवू शकतील असे सर्जन आहेत आणि शस्त्रक्रियेवाचून दगावणारी माणसंही आहेत. म्हणूनच आपल्या संघटनांना आफ्रिकेशी, नेपाळशी, आपल्या शेजाऱ्यांशी बरोबरीच्या नात्यानं बोलता येईल. अडचणी आपल्या ओळखीच्या आहेत. त्यासाठी मी चार गोष्टी सुचवतो.

पहिली: प्रत्येक राज्य शाखेनं एखाद्या देशातली किंवा आपल्याच दुर्गम जिल्ह्यातली एक संस्था निवडावी आणि तिच्याशी किमान दहा वर्षांचा करार करावा. दरवर्षी नवं ठिकाण नको. दुसरी: तिथे जाणाऱ्या सदस्यानं स्वतः किती ऑपरेशनं केली ते विचारू नये, तिथल्या कोणाच्या हातानं किती झाली ते विचारावं. तिसरी: आपली नियतकालिकं गरीब देशांतल्या सर्जनांना विनामूल्य वाचता यावीत, त्यांना त्यात लिहिता यावं, आणि दोन देशांनी मिळून केलेल्या संशोधनात तिथल्या सर्जनचं नाव मानानं यावं. चौथी: अधिवेशनात महागड्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकांइतकाच वेळ कमी खर्चाच्या, पारखलेल्या पद्धतींना द्यावा. दोंडाईच्याची जाळी आपल्या किती पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवली जाते?

सरकारांशी बोलणं हेही आपलंच काम. मे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेनं अत्यावश्यक शस्त्रक्रिया आणि भूल यांना आरोग्यसेवेचा भाग मानणारा ठराव केला. त्यामागे खूप खटपट करणाऱ्यांत झांबियाचे अस्थिशल्यचिकित्सक इमॅन्युएल मकासा होते. पुढे झांबियानं शस्त्रक्रियेसाठी राष्ट्रीय आराखडाही केला. सर्जन थिएटरबाहेर पडून सरकारपुढे आग्रह धरतो, तेव्हा ज्यांना तो कधीच भेटणार नाही अशा माणसांवरही तो उपचार करत असतो.

या सभागृहात अनेक तरुण सर्जन बसले आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. परदेशात शिबिराला जाण्याची संधी आली तर जरूर जा. पण जाण्याआधी आपल्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना विचारा, की आपण पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षीही तिथेच जाणार आहोत ना, आणि यावेळी तिथलं कोण शिकणार आहे? या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नसेल, तर ते तयार करण्याचं काम तुम्ही अंगावर घ्या. ज्यांच्या स्मृतीला आपण आज वंदन करतो, त्यांनी एका तालुक्यासाठी हेच केलं. तेच काम संघटनांनी देशादेशांत करावं, एवढं मागणं मी आपल्यापुढे ठेवतो.